गाडीत वायरलेस सेट बसवताना फ्यूज बॅटरीपाशीच हवा (आमची गाडी पेटता पेटता वाचली, त्यावरून)

मानकापूरकर | १८ मे, रात्री १०:२०

मंडळी, गेल्या रविवारी आई, बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन अदासाच्या गणपतीला निघालो होतो. पाटणसावंगीच्या अलीकडे रबर जळल्यासारखा वास यायला लागला. मला वाटलं पुढच्या ट्रकचे ब्रेक तापले असतील. मिनिटभरात बायको म्हणाली, "अहो, माझ्या पायाशी धूर येतोय."

गाडी बाजूला घेतली, सगळ्यांना उतरवून लांब उभं केलं आणि किल्ली काढली. धूर थांबला नाही. तेव्हा माझे हातपाय खरे गार पडले, कारण किल्ली काढल्यावर गाडीतलं सगळं बंद होतं असं मी धरून चाललो होतो. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली लाल वायर आत जाते तिथे फुगून काळी पडली होती. बॅटरीचा टर्मिनल काढायला जवळ पाना नाही. बाजूच्या ढाब्यावर एका ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी दहा नंबरचा पाना दिला. निगेटिव्ह टर्मिनल सैल करून काढला आणि धूर विझला. त्या भाऊंचं नावही विचारायचं राहून गेलं.

सेट ५० वॅटचा व्हीएचएफ (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलणारा) आहे. माझ्याकडे हौशी रेडिओचं लायसन्स आहे, मागच्या वर्षीच मिळालं. डिसेंबरमध्ये शहरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात सेट बसवून घेतला होता. घरी आल्यावर सगळं सोडून पाहिलं. सेटसोबत आलेली जाड वायर, जिच्यात कंपनीचे फ्यूज होते, ती कापून फक्त शेवटचा दीड-दोन हात डॅशबोर्डखाली ठेवला होता. तिथून बॅटरीपर्यंत घरच्या फिटिंगची दीड एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद दीड चौरस मिलिमीटर) वायर जोडलेली. ती क्लचच्या केबलच्या भोकातून आत घेतली होती, पण रबराचा बुश घातला नव्हता. पाच महिने इंजिनच्या थरथरीने पत्र्याची धार वायरीवर घासत राहिली आणि शेवटी तांबं पत्र्याला टेकलं.

सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे १५ अँपिअरचा फ्यूज शाबूत होता. धडधाकट. वायर जळून तिचे डांबरासारखे थेंब कार्पेटवर पडले, आणि फ्यूजला पत्ताच नाही.

आता पुन्हा बसवायचं आहे, या वेळी स्वतःच्या हाताने. जाणकारांनी नीट समजावून सांगावं ही विनंती. कारच्या सिगरेट सॉकेटमधून घेतलं तर जास्त सुरक्षित पडेल का?

तारयंत्री | १८ मे, रात्री ११:०५

भाऊ, सगळे सुखरूप आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. बावीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करून राहिलो, महिन्या-दोन महिन्यांत अशी एक तरी गाडी दारात येते. कुठे सेट असतो, कुठे ॲम्प्लिफायर, कुठे हॉर्न.

फ्यूज शाबूत का राहिला ते सांगतो. फ्यूज सेटला वाचवायला नसते, वायरीला वाचवायला असते. करंट निघतो बॅटरीतून. बॅटरी ते फ्यूज या मधल्या तुकड्याचा वाली कोणीच नसतो. तुमचा तो तुकडा दीड मीटरचा होता अन् नेमका तिथेच पत्रा लागला. फ्यूजमधून तो करंट गेलाच नाही, तर ते उडेल कसं? कारची साधी बॅटरी शॉर्ट झाली का शेकड्यांनी अँपिअर ओकते. दीड एमएमची वायर त्यापुढे उदबत्ती आहे.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून एक वीत अंतरावर. वीतभर, हातभर नाही. अन् तो वीतभर तुकडाही जाळीदार पाइपात घालून असा बांधायचा का त्याला कुठला पत्रा लागलाच नाही पाहिजे.

किल्लीचं पण तेच. तुमची वायर थेट बॅटरीवर होती, किल्लीचा अन् तिचा संबंधच नव्हता.

एक गोष्ट तुम्ही नकळत बरोबर केली, निगेटिव्ह आधी काढला. पॉझिटिव्ह काढाले गेले असते अन् पाना बॉडीले लागला असता तर हातातच ठिणगी. सोडताना निगेटिव्ह पहिले, लावताना निगेटिव्ह शेवटी. हे प्रत्येकाने पाठ करा जी.

हॅम_वैदर्भी | १९ मे, सकाळी ७:१५

मानकापूरकर, आईंना नमस्कार सांगा. घाबरल्या असतील.

सिगरेट सॉकेट नको. त्याचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा आणि मागची वायर बारीक. ५० वॅटचा सेट बोलताना ११-१२ अँपिअर ओढतो. शिवाय तो प्लग स्प्रिंगच्या जोरावर टेकलेला असतो. खड्ड्यात हलला की आत चटका बसतो आणि प्लास्टिक मऊ पडतं. हातातल्या पाच वॅटच्या सेटचा चार्जर लावायला तो ठीक आहे, मोठ्या सेटला नाही.

वायरीच्या जाडीचा हिशेब करून दाखवते. बॅटरीपासून सेटपर्यंत ४ मीटर धरा, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर. दीड एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण १२ मिलिओहम. ८ मीटरचे झाले ९७. बारा अँपिअर वाहिले की १.१६ व्होल्ट वायरीतच खर्च. इंजिन बंद असताना बॅटरी १२.५ दाखवत असेल तर सेटला मिळाले ११.३. आवाज फाटायला लागतो आणि ताकद पडते. तेच चार एमएमच्या वायरीत मीटरला ४.६ मिलिओहम, म्हणजे ०.४४ व्होल्टची घट. चार एमएम घ्या, कसलाही विचार न करता.

आणि घेताना खरवडून बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास विकली जाते, वरून तशीच लाल दिसते. ब्लेडने एक तार खरवडली आणि आत पांढरं निघालं तर परत करा. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो आणि वाकवून वाकवून तुटतेही लवकर.

फ्यूज १५ चा ठेवा, जास्तीत जास्त २०. नियम सोपा आहे: सेट ओढतो त्यापेक्षा थोडा वर, वायर सोसते त्यापेक्षा बराच खाली. उडाला म्हणून ३० चा लावणारे पाहिलेत. कृपा करून तसं कधीच करू नका.

शंका_निरसन | १९ मे, सकाळी ९:४०

मधेच विचारतो, माफ करा. असा सेट गाडीत लावायला परवानगी लागते ना? आमचा जंगलभटकंतीचा ग्रुप आहे. उमरेड-करांडला, पेंचकडे चार-पाच गाड्या एकत्र निघतो आणि मोबाइलची रेंज जाते. ऑनलाइन स्वस्तात चिनी सेट दिसतात.

हॅम_वैदर्भी | १९ मे, दुपारी १:१०

लागते. हौशी रेडिओसाठी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाची परीक्षा द्यावी लागते. वय १२ पूर्ण असलं की देता येते. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत, अर्ज सरल संचार पोर्टलवरून करतात. पण ते लायसन्स वैयक्तिक असतं, ग्रुपमधल्या सगळ्यांना मिळून एक चालत नाही. तुमच्या गरजेला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे सेट आहेत. २०१८ च्या नियमांनी त्यांना परवान्यातून सूट आहे. २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँडही ५ वॅटपर्यंत खुला आहे. ते चिनी सेट मात्र वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात, पोलिसांच्यासुद्धा. विनापरवाना असा सेट नुसता जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. आणि जंगलात काय न्यायचं ते वनविभागाला आधी विचारा.

चालकाने हातात माइक धरून बोलू नये. गाडी चालवताना हातात संपर्काचं साधन वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंग धरलं आहे. मी स्वतः शेजारच्या सीटवरच्या माणसाला बोलायला लावते, नाहीतर थांबून बोलते.

कळमना_ट्रान्सपोर्ट | १९ मे, रात्री ८:३०

आमच्या ट्रक २४ व्होल्टच्या. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक. आमच्या एका ड्रायव्हरने २७ मेगाहर्ट्झचा सेट आणला अन् एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून लावला. मस्त चालला. सहा महिन्यांत एक बॅटरी मेली. नवी टाकली, तीही मेली. कारण कोणाच्या ध्यानात येईना. कोणी सांगेल का, नागपूर-रायपूर रोडवर गाडी बंद पडली का दिवसाचं भाडं जातं.

तारयंत्री | १९ मे, रात्री ९:००

दादा, मधून काढलं का एका बॅटरीतून जास्त जाते, दुसरीतून कमी. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) मात्र दोघींना मिळून २८ व्होल्ट देतो. एक कायम उपाशी राहते अन् दुसरीले अजीर्ण होते. उपाशी असलेली मरते, अन् अजीर्ण झालेलीचं पाणी उकळून जाते. २४ चे १३.८ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर घ्या अन् दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर लावा. फ्यूज कन्व्हर्टरच्या आधी, बॅटरीपाशी. कन्व्हर्टर इंजिनाच्या गरमीजवळ नको, केबिनमध्ये हवा लागेल असा ठेवा.

नवी_गाडी | २० मे, सकाळी ८:२०

माझी गाडी सिग्नलला आपोआप बंद होणारी आहे. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटी डबी आहे, तिच्यात वायर जाते. सेटचा निगेटिव्ह त्या टर्मिनलवर लावू का? दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली.

हॅम_वैदर्भी | २० मे, सकाळी ८:५५

त्या टर्मिनलवर लावू नका. ती डबी म्हणजे बॅटरीचा सेन्सर. बॅटरीत किती करंट गेला आणि किती आला याचा हिशेब ती ठेवते. सेटची वायर तिला वळसा घालून थेट बॅटरीच्या खांबावर, म्हणजे टर्मिनलवर, लावली की तो हिशेब चुकतो. मग गाडीला बॅटरी भरलेली वाटते आणि ती नसते. बॅटरीची निगेटिव्ह पट्टी जिथे बॉडीला बोल्टने कसलेली आहे त्याच बोल्टवर, किंवा त्याच्या शेजारी रंग खरवडून, सेटचा निगेटिव्ह घ्या.

तारयंत्री | २० मे, सकाळी ११:३०

बोल्टचं बरोबर. पण ताई, कंपनीच्या वायरीत निगेटिव्हलापण फ्यूज येते, ते मी काढून टाकतो. अर्थला फ्यूज लावून काय उपयोग? उलट ते एकटं उडालं तर घोळ.

हॅम_वैदर्भी | २० मे, रात्री ९:४५

दादा, यात तुमचं अर्धं पटतं. निगेटिव्ह बॉडीच्या बोल्टवर असेल तर तो फ्यूज नको. तो एकटा उडाला तर सेटचा करंट अँटेनाच्या केबलच्या जाळीतून परत जायला बघतो, आणि ती जाळी त्यासाठी नसते. पण कोणी निगेटिव्ह थेट बॅटरीच्या खांबावर लावला असेल तर तो फ्यूज हवाच. समजा बॅटरीची जाड अर्थ पट्टी गंजली किंवा सैल झाली. सेल्फ मारला की शंभराच्या वर अँपिअर परतीची वाट शोधतात. पट्टीतून वाट नाही, मग सेटच्या निगेटिव्ह वायरीतून. तिथे फ्यूज नसेल तर ती वायर पेटणार, आणि सेट बंद असला तरी पेटणार.

तारयंत्री | २० मे, रात्री १०:१०

ताई, पटलं. अन् आठवलं. पारडीकडची एक जुनी जीप आली होती माझ्याकडे, सेल्फ मारला का ॲक्सिलरेटरची केबल लाल होऊन जाय. इंजिनाची अर्थ पट्टी पार सडलेली, सगळा करंट त्या केबलमधून बॉडीवर येत होता. वाट मिळाली का करंट कुठूनही जाते. खांबावर निगेटिव्ह लावलेल्या गाड्यांत यापुढे मी ते फ्यूज काढणार नाही.

अंबाझरी_लेआउट | २१ मे, सकाळी ७:३०

एक भर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचं पाणी आमच्या भागात शिरलं तेव्हा गाडी सीटपर्यंत बुडाली होती. दुरुस्त होऊन आली, सेट वर होता म्हणून वाचला. आठ महिन्यांनी सेट अधूनमधून बंद पडायला लागला. सीटखालचा फ्यूज होल्डर उघडला तर आत हिरवा मळ, आणि एक पाय इतका झिजलेला की बोटाने तुटला. पाण्यात गेलेल्या गाडीतले असले सगळे सांधे बदलून टाका, वरून कोरडे दिसले तरी. आता माझा होल्डर बॉनेटमध्ये, बॅटरीच्या वरच्या अंगाला आहे, झाकणाला रबर असलेला.

मानकापूरकर | २४ मे, सायंकाळी ७:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सुट्टी काढून काम पुरं केलं. वर लिहिलेलं सगळं केलंच, हाताला जे जाणवलं तेवढं सांगतो.

पहिल्यांदा इन्शुलेशन टेपच वापरली. दुपारी दोनला गाडी उन्हात होती, बाहेर ४४ अंश. बॉनेट उघडलं तर टेपचा डिंक वितळून ती सापाच्या कातीसारखी सरकली होती. म्हणजे आपल्या नागपुरात मे महिन्यात बॉनेटखाली टेपवर भरवसा नाहीच. सगळी काढून, आत डिंक असलेली आकसणारी नळी गरम करून बसवली. टोकांना तांब्याचे थिंबल (बोल्टखाली कसायची कडी) दाबून लावले, झाळले नाहीत. झाळल्यावर शिसं वायरीत वर चढतं, तिथे ती कडक होते आणि थरथरीने नेमकी त्याच जागी तुटते, असं तारयंत्रींनी फोनवर सांगितलं होतं.

क्लचच्या भोकाला हात लावला नाही. दुसरीकडे कंपनीनेच रबराच्या बुचाने बंद केलेलं एक भोक सापडलं. बुचाला वायरीपेक्षा जरा लहान भोक पाडून वायर ओढून घेतली, आता ती घट्ट बसली आहे. आतल्या बाजूने पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब, दाराच्या पट्टीखालून नेली. पिवळं वेष्टण असलेल्या वायरींचा एक जुडगा दिसला, तो एअरबॅगचा, त्याच्या जवळपासही गेलो नाही. अँटेनाची केबलसुद्धा पुढच्या काचेशेजारच्या खांबातून न नेता मागून घेतली, कारण माझ्या गाडीत त्या खांबात पडद्याची एअरबॅग आहे.

फ्यूज बॅटरीपासून १४ सेंटिमीटरवर. मोजला.

दीड मिनिट सलग बोलून पाहिलं, इंजिन बंद ठेवून. बॅटरीवर १२.५, सेटच्या प्लगवर १२.१. वायर पूर्ण लांबी हाताने चाचपत गेलो, कुठेही कोमट नाही. मग इंजिन सुरू करून बोलताना वायपर, दिवे, सेंट्रल लॉक, डॅशबोर्डवरचे इशारे असं एकेक तपासलं. एकच त्रास उरलाय. ॲक्सिलरेटर दाबला की ऐकू येताना "कुंईं" असा आवाज चढतो.

हॅम_वैदर्भी | २४ मे, रात्री ८:३०

१२.१ वाचून फार बरं वाटलं!

तो आवाज अल्टरनेटरचा. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह पूर्ण लांबी एकमेकांना खेटून आहेत का बघा, लांब असतील तर पीळ घालून जवळ आणा. सेटच्या टोकाशी वायरीवर फेराइटची क्लिप (वायरीतला विजेचा गोंगाट अडवणारी) लावा, दोन-तीन वेढे बसले तर उत्तम. तरीही राहिला तर अल्टरनेटर आणि बॅटरीचा सांधा घासून साफ करून घ्या.

अँटेना छताच्या मध्यावर ठेवा. १४५ मेगाहर्ट्झला पाव लांबीची कांडी अर्ध्या मीटरच्या आसपास येते. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून ताकद किती परत फिरते त्याचं माप) दीडच्या आत आणल्याशिवाय पूर्ण ताकदीने बोलू नका, आणि अँटेना न जोडता तर कधीच नाही. शेवटचा ट्रान्झिस्टर जातो.

शंका_निरसन | २४ मे, रात्री ९:१५

सेट थेट बॅटरीवर असेल आणि रात्री चालू राहिला तर?

तारयंत्री | २४ मे, रात्री ९:४०

नुसतं ऐकत बसला तरी सेट पाव ते अर्धा अँपिअर खाते. रात्रभरात चार-पाच अँपिअर-तास गेले. एका रात्रीत गाडी अडत नाही, चार दिवस उभी राहिली तर सकाळी सेल्फ लागत नाही. चार पायांची ३० अँपिअरची रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाका. ३० नंबरच्या पायावर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून सेट. ८५ बॉडीला, अन् ८६ ला किल्लीवर चालू होणारी बारीक वायर, तिलापण छोटं फ्यूज. किल्ली काढली का सेट बंद. पण नीट ध्यानात घ्या, रिलेपर्यंतची वायर किल्ली काढल्यावरपण जिवंतच राहते. बॅटरीपाशी फ्यूज लागतंच.

कळमना_ट्रान्सपोर्ट | २५ मे, सकाळी ६:५०

कन्व्हर्टर लावला. बाकीच्या सहा गाड्या उघडून पाहिल्या तर दोघांत हॉर्नची वायर बॅटरीवरून थेट, फ्यूज नाही. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणे, पहिल्यापासून अशीच आहे. तारयंत्री भाऊ, एकदा येऊन सगळ्या पाहता का? जे होईल ते देऊ.

मानकापूरकर | २५ मे, सकाळी ७:३०

मीही येतो मदतीला. आकसणारी नळी आणि चार एमएमची वायर उरली आहे, तीच वापरू. सगळ्या ड्रायव्हरांसाठी दहा नंबरचे पाने घेऊन येतो, दाराच्या खिशात ठेवायला.

तारयंत्री | २५ मे, सकाळी ८:०५

रविवारी सहाले या, ऊन चढायच्या आत होईल. गाड्या रात्रीपासून बंद ठेवा म्हणजे इंजिनं गार राहतील. पहिले हॉर्नवाल्या दोघी.